बरें आहे ना?

दोन मराठी माणसें रस्त्यांत भेटलीं म्हणजे पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. 'काय, बरें आहे ना?' असें एकानें विचारावें, 'बरें आहे' असें दुसऱ्यानें म्हणावें, आणि मग पावसाविषयीं, महागाईविषयीं अगर मुलांच्या परीक्षांविषयीं बोलणें सुरू व्हावें, असा शिरस्ता आहे. विचारणारा उत्तराची वाट पाहत नाहीं आणि उत्तर देणाराही तें विचार करून देत नाहीं. एखाद्यानें खरोखरीच थांबून आपलें कसें काय चाललें आहे तें सविस्तर सांगावयास आरंभ केला, तर त्यास कंटाळवाणा ठरवून पुढच्या खेपेस आपण चुकवूं लागतों. ज्या प्रश्नाचें उत्तर ऐकावयाचें नाहीं तो प्रश्न दिवसांतून दहा वेळां कां विचारावा, हा विचार गेल्या पावसाळ्यांतील एका दुखण्यापासून आमच्या मनांत घोळत आहे. तो वाचकांपुढें मांडावा असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

प्रथम या शब्दाकडेच पाहूं. 'बरें' या शब्दाकडून आपल्या भाषेनें फार काम करून घेतलें आहे. दुखणाईत उठून हिंडूंफिरूं लागला म्हणजे तो 'बरा झाला' असें आपण म्हणतों. कोणी योग्य कृत्य केलें तर 'बरें केलेंस' म्हणून त्यास शाबासकी देतों. स्थळ पाहून आलेल्या मंडळींकडून 'मुलगा बरा आहे' असें उत्तर आलें, तर त्यांत स्तुति फारशी नसते व निंदाही नसते. चालण्यासारखें आहे, एवढाच अर्थ. निरोप घेतांना 'बरें तर, येतों' म्हणतों आणि दम भरावयाचा असला तर 'बऱ्या बोलानें ऐक' असेंही म्हणतों. मृत्यूचें नांव तोंडानें घेववत नाहीं तेव्हां 'त्याचें कांहीं बरेंवाईट झालें तर' असें म्हणून याच शब्दाचा आडोसा करितों. शरीराचें आरोग्य, कृत्याचा चांगुलपणा आणि रोजच्या जीवनाचें ठीक चालणें, या तीन गोष्टींची विद्वानांनीं वांटणी केली आहे: पहिली वैद्यकाकडे गेली, दुसरी नीतिशास्त्राकडे गेली, आणि तिसरीचा वाली कोणीच झाला नाहीं. आपल्या बोलीनें मात्र त्या तिन्ही एकाच शब्दाच्या पदरांत टाकल्या आहेत. हा बोलीचा आळस आहे, कीं त्यांत कांहीं समजूत आहे? आमच्या मतें समजूत आहे, आणि ती कोणती हें सांगण्याचा येथें प्रयत्न करितों.

दुखण्याची हकीकत थोडक्यांत अशी. आम्हांस विषमज्वर झाला. आतां औषधें चांगलीं निघालीं असल्यामुळें पूर्वीसारखी एकवीस दिवसांची मुदत मोजीत बसावें लागलें नाहीं. तथापि ताप उतरल्यावर मागें राहिलेली अशक्तता तीन आठवडे हटली नाहीं. या तीन आठवड्यांत बाहेरच्या खोलींत खाटेवर पडून आम्हीं जें ऐकलें, तें याच घरांत बावीस वर्षें राहून कधीं ऐकलें नव्हतें. पहांटे साडेपांचास नळ प्रथम नुसता सुस्कारतो, मग त्यास पाणी येतें. सहाच्या सुमारास दाराच्या कडीस दुधाची पिशवी कोणी तरी अडकवून जातो. साडेसहास जिना झाडल्याचा आवाज वरच्या मजल्यापासून एकेक पायरी खालीं उतरत येतो. सातास कचऱ्याची गाडी येते, आणि तिच्या मागोमाग शेजारच्या घरांत कुकरची पहिली शिटी होते. आमच्यावांचून कचेरीचें कांहीं अडलें नाहीं, हें आम्हांस दुसऱ्याच दिवशीं कळून चुकलें होतें. परंतु एक दिवस नळास पाणी आलें नाहीं, तेव्हां साऱ्या आळीचा जीव कासावीस झाला. पुढें एके दिवशीं मऊ भात, तूप आणि मेतकूट यांचा घांस तोंडांत घातला आणि त्यास चव आहे असें जिभेस कळलें. त्या क्षणीं 'बरें वाटतें' हे शब्द आमच्या तोंडून आपोआप निघाले. आजवर उच्चारलेल्या हजारों 'बरें आहे' मध्यें जो अर्थ नव्हता तो त्या दोन शब्दांत होता.

आरोग्याची अडचण हीच आहे कीं, तें असतां त्याची जाणीव नसते. पोट दुखूं लागेपर्यंत आपणांस पोट आहे हें ध्यानांत येत नाहीं. सुश्रुतसंहितेंत निरोगी मनुष्याचें जें लक्षण दिलें आहे, त्यांत दोष, अग्नि, धातु व मलक्रिया यांचें साम्य तर सांगितलें आहेच. पण तेवढ्यावर न थांबतां आत्मा, इंद्रियें आणि मन हीं प्रसन्न असावीं असेंही म्हटलें आहे. अशा मनुष्यास तेथें 'स्वस्थ', म्हणजे आपल्या ठिकाणीं असलेला, असें नांव आहे. ७ एप्रिल १९४८ रोजीं अमलांत आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेनें, शरीर, मन व समाज या तिन्ही बाबतींत संपूर्ण सुस्थिति असणें म्हणजे आरोग्य, रोग नसणें एवढ्यानें तें सिद्ध होत नाहीं, अशी व्याख्या केली. हेतु उदात्त आहे यांत शंका नाहीं. परंतु त्यांतील 'संपूर्ण' हा शब्द अक्षरशः घेतला, तर गुडघे धरलेली आजी, दम्याचा विकार असलेला शिक्षक, कर्जाच्या काळजीनें झोप उडालेला गृहस्थ, हीं सर्वच माणसें रोगी ठरतात, आणि निरोगी म्हणून बोट दाखवावयास कोणी उरत नाहीं. 'बरें' या शब्दांत हा दोष नाहीं. मधुमेह जन्माचा सोबती झालेला मनुष्यही 'आतां बरा आहे' असें खरेपणानें म्हणूं शकतो, कारण तो जेवतो, झोपतो, आपलें काम करितो आणि दुसऱ्याची विचारपूस करण्याइतकें त्याचें मन मोकळें असतें. ही मर्यादित सुस्थिति क्षुल्लक वाटते. परंतु ज्यानें ती एकदां गमावली त्यास विचारावें.

कामाचेंही असेंच आहे. पुष्कळसें चांगलें काम डोळ्यांस दिसत नाहीं, कारण त्याचें फळ म्हणजे कांहीं तरी न घडणें हें असतें. गच्ची गळली नाहीं याबद्दल गवंड्याची कोणी आठवण काढीत नाहीं. औषधाच्या दुकानांतील मनुष्यानें चिठ्ठी दोनदां वाचून योग्य तीच गोळी दिली, तर रोगी ती घेऊन घरीं जातो, एवढेंच होतें. जी दुर्घटना टळली तिची नोंद कोणत्या वहींत करावी?

अशी नोंद एकदां झाली आहे, आणि ती सांगण्यासारखी आहे. व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यांत डॉक्टर व वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. पहिल्या विभागांत बाळंतज्वरानें दगावणाऱ्या स्त्रियांची संख्या दुसऱ्याहून पुष्कळ अधिक असे. शहरांतील बायकांस हें ठाऊक होतें, आणि आपणांस तेथें घालूं नये म्हणून त्या गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास हें कोडें सुटेना. १८४७ सालीं त्याचा एक सहकारी शवविच्छेदनाच्या वेळीं सुरी बोटास लागून मरण पावला, आणि त्याच्या शवांत जीं चिन्हें आढळलीं तीं बाळंतज्वराच्या चिन्हांशीं जुळलीं. तेव्हां सेमेलवाइसच्या ध्यानांत आलें कीं, सकाळीं प्रेतें तपासून तेच हात घेऊन डॉक्टर बाळंतिणींकडे जातात, आणि मृत्यु त्या हातांवरून जात आहे. त्यानें मे महिन्याच्या मध्यापासून ब्लीचिंग पावडरच्या पाण्यांत हात धुण्याची सक्ति केली. एप्रिलमध्यें शेंकडा १८ वर गेलेलें मृत्यूचें प्रमाण जूनमध्यें शेंकडा २ च्या आसपास आलें. जंतूंचें शास्त्र तेव्हां सिद्ध झालें नव्हतें, त्यामुळें असें कां घडतें हें सेमेलवाइसला पटवून देतां येईना. शिवाय आपल्याच हातांनीं या स्त्रियांचा घात झाला हें कबूल करणें अनेक नामांकित वैद्यांस फार जड गेलें. १८६५ सालीं वेड्यांच्या रुग्णालयांत त्याचा अंत झाला. येथें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, ते डॉक्टर आळशी नव्हते, निर्दयही नव्हते. ते आपल्या विद्येंत रात्रंदिवस गढलेले होते, आणि तिच्या पायींच ते प्रेतें तपासीत होते.

ही हकीकत वाचतांना आम्हांस गोरोबाकाकांची कथा आठवली. आपल्या संतांनीं रोजच्या धंद्यास देवाचें अधिष्ठान दिलें, हें त्यांचें मोठें ऋण आहे. सांवता माळी अरण गांवच्या आपल्या मळ्यांत भाजीच्या वाफ्यांतच विठ्ठल पाहत राहिले. गोरा कुंभार चिखल तुडवितां तुडवितां नामांत असे रंगले कीं, रांगत आलेलें तान्हें मूल पायांखालीं आलेलें त्यांस कळलें नाहीं. पुढें देवकृपेनें तें मूल परत मिळालें असें कथेंत आहे. तल्लीनतेची थोरवी म्हणून ही कथा सांगतात, आणि तो अर्थ आम्ही नाकारीत नाहीं. परंतु लहानपणीं आजीच्या मांडीवर ती ऐकतांना आमचें लक्ष देवाकडे न जातां, मूल घरीं ठेवून पाण्यास गेलेल्या त्या माउलीकडे जात असे. काम मन लावून करावें, त्यांत स्वतःस विसरावें, असा उपदेश आपणांस सर्वत्र मिळतो. स्वतःस विसरणें ठीकच आहे. मात्र त्याच्या भरांत पायांखालीं कोण आहे हेंही विसरलें जातें. आमच्या समजुतीप्रमाणें कामांतील चांगुलपणा तल्लीनतेहून अधिक जागेपणांत आहे. तुडवितांना मध्येंच थांबून खालीं पाहणें, प्रेतागारांतून येतांना हात पुढें धरून पाहणें, हें वरवर कामांत विघ्न वाटतें, आणि काम बरें होतें तें त्यामुळेंच.

या जागेपणास मोठी साधनें लागतात असें नाहीं. १९७१ सालीं पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत पटकीची सांथ पसरली. बनगांव येथें काम करणारे डॉक्टर दिलीप महालनबीस यांच्यापाशीं शिरेंतून देण्याचें सलाइन संपत आलें होतें, आणि तें देणारे शिकलेले हातही पुरेसे नव्हते. तेव्हां त्यांनीं मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचें मिश्रण पाण्यांत घालून तें रोग्यास पाजण्याचें काम त्याच्या घरच्या माणसांवर सोंपविलें. जेथें शेंकडा ३० च्या सुमारास माणसें दगावत होतीं, तेथें तें प्रमाण शेंकडा ४ च्या खालीं आलें. मीठ-साखरेचें पाणी आज आपल्या घराघरांत ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच त्याचें कौतुक कोणास वाटत नाहीं. परंतु त्या छावणींत चिखलांत बसून, पेल्यांतील पाणी घोटाघोटानें मुलाच्या तोंडांत घालणाऱ्या आईचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. वैद्यक, काम आणि घरगुती माया यांच्यामधील सीमा तेथें कोणास आंखून दाखवितां आली असती?

येथवर आलेल्या वाचकाच्या मनांत एक आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो बळकट आहे. तो म्हणेल, 'रोजच्या कामांत चांगुलपणा शोधा, हा उपदेश पोट भरलेल्यांचा आहे. ज्यास गटारांत उतरावें लागतें त्यास तुम्ही काय सांगणार? कीं, बाबा, त्यांतच गोडी मान?' खरेंच आहे. 'बरें चाललें आहे' या शब्दांनीं अन्यायावर पांघरूण घालण्याची आपणां मध्यमवर्गीयांस जुनी संवय आहे. 'चालायचेंच' हें त्याच पांघरुणाचें दुसरें टोक. आमचा विषमज्वरच घ्या. सांडपाण्यानें दूषित झालेल्या पाण्यांतून व अन्नांतून हा रोग पसरतो. म्हणजे पाण्याचा नळ आणि मैल्याचा नळ हे दोन्ही जमिनीखालीं एकमेकांपासून नीट अलग राहिले, तरच आम्ही वरच्या मजल्यावर निर्धास्तपणें पेला तोंडास लावणार. ती व्यवस्था राखण्यासाठीं जे उतरतात त्यांचें काय? हातानें मैला साफ करविण्यास १९९३ च्या कायद्यानें बंदी झाली. साधनांवांचून गटारांत माणूस उतरविणें २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरलें. गटारांत मरण पावणाऱ्यांच्या कुटुंबांस दहा लाख रुपये द्यावे असें सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलें, आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाखांवर नेली. ती रक्कम वाढवावी लागली, यावरूनच मरणें थांबलीं नव्हतीं हें उघड होतें. अशा माणसास त्याच्या कामांतील गोडी समजावून सांगणें हा क्रूरपणा आहे. आक्षेपकाचें एवढें म्हणणें आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे.

मात्र त्यावरून आक्षेपक जो निष्कर्ष काढूं पाहतो कीं, म्हणून हा विचारच निरर्थक, तो आम्हांस मान्य नाहीं. आणि याचें कारण पुस्तकांतून मिळालेलें नसून घरांतच मिळालेलें आहे. तें सांगतांना आम्हांस संकोच होतो; परंतु न सांगितल्यास वर लिहिलेल्या सर्वच मजकुरास खोटेपणा येईल.

आम्ही उठून बसूं लागलों त्यानंतरची गोष्ट. आमच्याकडे केर-लादी व भांडीं करावयास एक बाई येतात. घरांतील सर्वजण त्यांस मावशी म्हणतात. नऊ वर्षें त्या येत आहेत. त्या दिवशीं त्या खोलींत केर काढावयास आल्या, तेव्हां आम्हीं संवयीनें विचारलें, 'काय मावशी, बरें आहे ना?' एरवीं प्रश्न विचारून आम्ही वर्तमानपत्रांत डोकें घातलें असतें. पण अशक्ततेमुळें वाचवत नव्हतें, म्हणून उत्तराची वाट पाहत राहिलों. त्या थबकल्या. म्हणाल्या, 'बरंच म्हणायचं, काका.' आवाज ओढलेला होता. नीट पाहिलें तों डोळे लाल. थर्मामीटर उशाशींच होतें. लावून पाहिलें तर ताप एकशें दोन. 'किती दिवस आहे?' 'झाले चार.' 'मग आलांत कशाला?' यावर त्या केरसुणीकडे पाहत म्हणाल्या, 'खाडा झाला कीं पैसे कापतात ना, काका. संक्रांतीला दोन दिवसांचे कापले होते.'

ते पैसे आम्हींच कापले होते. ती रक्कम किती होती तें आतां आठवतही नाहीं, इतकी ती आमच्या दृष्टीनें लहान होती. रक्त तपासलें तेव्हां त्यांसही विषमज्वरच निघाला. एकाच नळाचें पाणी दोघेंही पीत होतों. फरक इतकाच कीं, आमच्या तापास खाट मिळाली, मऊ भात मिळाला, पगारी रजा मिळाली, आणि रोजच्या आवाजांत रस शोधण्याची फुरसत मिळाली. ज्या आवाजांचें कौतुक आम्हीं वर केलें आहे, त्यांतील केरसुणीचा आवाज चार दिवस तापांतून येत होता, आणि तो ऐकून आम्ही सुखावत होतों. गोरोबाकाकांच्या पायांखालीं काय होतें हें ओळखावयास आम्हांस लहानपणापासून वेळ लागला नाहीं. आपल्या पायांखालचें मात्र नऊ वर्षें दिसलें नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. मावशींच्या कामांत चांगुलपणा होता कीं नाहीं? निश्चित होता. पितळेचा डबा त्या अशा घासतात कीं त्यांत तोंड दिसावें. कपाच्या कानांत राहिलेला चहाचा डाग त्यांस सहन होत नाहीं. आणि मुलें लहान असतांना त्यांचे दप्तराचे बंद न सांगतां शिवून ठेवलेले आम्हांस आठवतात. यांतील कशाचाही मोबदला त्यांनीं मागितला नाहीं. हा चांगुलपणा त्यांचा स्वतःचा आहे. तो आमच्या वागण्यानें उत्पन्न झालेला नाहीं आणि आमच्या वागण्यानें नष्टही झाला नाहीं. परंतु त्याविषयीं बोलण्याचा अधिकार आम्हांस केव्हां येईल? 'तुमच्या कामांत समाधान माना' असें दुसऱ्यास सांगण्याचा अधिकार तर कोणासच नाहीं. ज्याच्या श्रमावर आपलें बरें चाललें आहे, त्याचें बरें आहे कीं नाहीं हें पाहिल्यावर मग कौतुक करावें. त्याआधीं केलेलें कौतुक ही चलाखी होय. 'बरें' हा एकच शब्द आरोग्यास, सत्कृत्यास आणि रोजच्या रहाटीस कां लावला जातो, याचा उलगडाही आम्हांस येथेंच होतो. एकाचें आरोग्य दुसऱ्याच्या नीट केलेल्या कामावर उभें असतें, आणि त्या दुसऱ्याचें आरोग्य पहिल्याच्या न्यायी वागणुकीवर. ही सांखळी कोठेंही तुटली तरी तिन्ही अर्थ एकदमच खोटे पडतात.

यावर कोणी म्हणेल कीं, गटारांतील मृत्यु आणि घरांतील खाडा यांची तुलना कशास? तुलना नाहींच. गटारांचा प्रश्न कायदा, यंत्रें आणि नगरपालिकेचा पैसा यांनीं सुटावयाचा आहे, आणि नागरिक म्हणून त्याविषयीं आग्रह धरणें हें आपलें काम आहे. परंतु जो गृहस्थ स्वतःच्या स्वयंपाकघरांतील मनुष्याचा ताप पाहत नाहीं, तो रस्त्याखालच्या मनुष्यासाठीं आग्रह धरील असें मानण्यास आम्हांस आधार दिसत नाहीं. निदान आम्हीं तो धरला नव्हता.

असो. मावशी पंधरा दिवसांनीं कामावर आल्या. त्या पंधरा दिवसांचे आणि संक्रांतीच्या दोन दिवसांचे पैसे त्यांच्या हातीं देतांना, घरांतील मंडळींनीं महिन्यांतून चार दिवसांची पगारी रजा आणि आजारपणाची निराळी, असें ठरवून टाकलें. यांत औदार्य कांहीं नाहीं. कचेरींत आम्हांस जें मिळतें त्याचाच हा एक अंश आहे, आणि तो द्यावयास नऊ वर्षें लागलीं. मावशींनीं पैसे मोजून घेतले, पदराच्या गांठीस बांधले, आणि दारांतून वळून विचारलें, 'काका, आता बरं आहे ना तुम्हांला?' विचारून त्या उत्तरासाठीं थांबल्या होत्या. त्या नेहमींच तशा थांबत असाव्या. आम्हींच कधीं मान वर करून पाहिलें नव्हतें.